‘अ’ अळवाचा

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी लुडविग्सहाफेन नावाचे एक शहर आहे. नदीच्या एका तीरावर मानहाइम, दुसऱ्या तीरावर लुडविग्सहाफेन. आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे गेलो असताना जे पाहिले आणि जे ऐकून घ्यावे लागले, त्यावरून आज या पानावर लिहायला बसलो आहोत. विषय झाडांचा आहे, पण तो निव्वळ बागकामाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हे शहर देखणे म्हणून कोणी पाहायला जात नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत ते फार उद्ध्वस्त झाले आणि नंतर घाईघाईने सिमेंटने भरून काढले गेले. शहराचा सारा व्यवहार चालतो तो बी. ए. एस. एफ. या रसायनांच्या कंपनीवर. ती १८६५ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना नदीकाठाने मैलोन् मैल पसरलेला आहे. याच कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातली निळीची शेती मोडीत निघाली. याच शहरालगतच्या ओप्पाऊ येथे १९१३ साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आज जगभर उसाला आणि भाताला जे नत्रखत पडते, त्याची विद्या तिथून निघाली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांचे खांदे उसाच्या फडात खताच्या गोण्या वाहून झिजले आहेत. तेव्हा या गावाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये.

तर अशा या सिमेंटच्या शहराच्या मधोमध एक संग्रहालय आहे, विल्हेल्म हाक यांच्या नावाचे. ते १९७९ साली उघडले. त्याच्या दर्शनी भिंतीवर जुआन मिरो या स्पॅनिश चित्रकाराने रंगीत फरशांचे प्रचंड चित्र केले आहे. लोक ते पाहायला जातात. आम्हीही गेलो, पण आमचे पाय रेंगाळले ते इमारतीच्या मागल्या बाजूला. तिथे एक फरसबंद चौक आहे, आणि २०१२ सालापासून संग्रहालयाच्याच पुढाकाराने त्या चौकात गावातले लोक मिळून बाग करतात. खाली जमीन नाही, फरशी आहे. म्हणून माती पेट्यांत भरलेली. ज्याला हौस त्याने पेटी घ्यावी, आपल्याला हवे ते लावावे. या शहरात कारखान्याच्या कामासाठी इटली, तुर्कस्तान आणि आणखी कुठून कुठून माणसे येऊन राहिली आहेत. प्रत्येकाने आपल्या घरच्या स्वयंपाकाला लागेल ते लावलेले. पेटी पाहून घर ओळखावे अशी गत.

आमच्या भावजयीने तिथे एक पेटी धरली होती. तीत कोथिंबीर, मेथी, दोन टोमॅटो, आणि कोपऱ्यात, वाचकहो, अळू! पाने तळहाताएवढीच, पण अळूच. आशियाई दुकानातून भाजीसाठी आणलेल्या अळकुड्यांपैकी एकीला कोंब फुटला होता, ती तिने मातीत खुपसली. तिकडे मे महिना अर्धा जाईपर्यंत असले नाजूक रोप उघड्यावर लावत नाहीत. ११ ते १५ मे या पाच दिवसांना ते लोक ‘बर्फाचे संत’ म्हणतात. एकेका दिवसाला एकेका संताचे नाव, शेवटची ‘थंड सोफी’. ती गेली की पेरायला मोकळे. कोकणात मृगाची वाट पाहतात, तिकडे सोफी जाण्याची. ऑक्टोबरात पुन्हा गड्डा उकरून तळघरात न्यायचा, नाहीतर दहिवराने कुजतो. इतके उपद्व्याप कशासाठी, तर वर्षातून दोनदा अळूवड्या व्हाव्यात म्हणून. आम्ही हसलो. आमच्या बेटावर हेच अळू ओढ्याकाठी फुकट माजते आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

आमचे हसू फार वेळ टिकले नाही.

भावाची मुलगी दहा वर्षांची, जन्म तिकडचाच. शाळेत जर्मन बोलते, घरी बापाशी क्रिओल. मराठीतले ‘काका’, ‘आजी’, ‘बाप्पा’ असे आठदहा शब्द तिला येतात. तिला शाळेतून काम दिले होते: एखादे बेट निवडा आणि तिथल्या लोकांच्या झाडांविषयी वर्गात सांगा. तिने निवडले हवाई. आम्ही जरा दुखावलोच. म्हटले, “अगं, आपले बेट काय वाईट होते?” ती म्हणाली, “काका, मॉरिशसविषयी शोधले तर ऊस सापडला, किनारे सापडले आणि दोदो सापडला. हवाईच्या लोकांची तर यादीच आहे. कुठले झाड होडीतून कोणी आणले, त्याला काय म्हणतात, ते कोणाचे कोण लागते, सगळे लिहिलेले आहे. आपली यादी कुठे आहे?”

वीस वर्षे शिकवतो आहोत, पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग तिची ती यादी आम्ही वाचायला घेतली. प्रशांत महासागरातले दर्यावर्दी लोक आठशे-हजार वर्षांपूर्वी जोडहोड्यांतून हवाईच्या बेटांवर पोहोचले. नव्या भूमीत काय मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी बरोबर दोनएक डझन झाडांची बेणी, कंद आणि कोंब घेतले. त्यांना आज ‘होडीतली झाडे’ म्हणतात. कालो, उलू, निऊ, को, ओलेना, माइआ, उहि, इपू, नोनी, कामानी… परकी नावे म्हणून आम्ही एकेक शब्द अडखळत वाचत होतो. आणि खाली चित्रे पाहतो तो काय! कालो म्हणजे अळू. निऊ म्हणजे नारळ. को म्हणजे ऊस. ओलेना म्हणजे हळद. माइआ म्हणजे केळ. इपू म्हणजे भोपळा. उहि म्हणजे कोनफळ. उलू म्हणजे नीरफणस, आपल्या बाजारातले फ्रियापें. नोनी म्हणजे कोकणातली बारतोंडी, आणि कामानी म्हणजे उंडी, जिच्या बियांचे तेल कोकणात दिव्यात जाळीत. आम्ही दुसऱ्या गोलार्धातल्या माणसांची यादी वाचत होतो, की आमच्या आजीच्या परसातून हिंडत होतो?

गंमत अशी की ज्या अननसाने हवाईचे नाव जगभर डब्यांतून गेले, तो अननस या यादीत नाही. तो दक्षिण अमेरिकेचा, हवाईत मागाहून आलेला. आपल्या बालभारतीत मात्र त्याचा पहिला मान: ‘अ’ अननसाचा. आमच्या वर्गात हे पान उघडले की मुले एका सुरात ओरडतात, “झानाना!” मग आम्ही सांगतो, बरोबर, पण मराठीत अननस म्हणायचे. बहुतेक मराठी धड्यांची गोष्ट इथेच संपते: ओळखीची वस्तू, ओळखीचे नाव पुसून, वर अनोळखी नाव. मुलाला वाटते, मराठी म्हणजे जे आहे त्याला दुसरे काही म्हणण्याचा खेळ. ज्या वस्तूला मराठीतूनच हात लागला, मराठीतूनच जी चाखली, अशी एक तरी वस्तू त्याच्यापुढे ठेवायला नको का?

अळवाचेच घेऊ. हवाईच्या लोकांची कथा अशी की आकाशपित्याचे पहिले मूल मृत जन्मले. ते पुरले, त्या जागी अळू उगवले. नंतर दुसरे मूल झाले, त्याच्यापासून माणसे झाली. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याने धाकट्याला पोसायचे, धाकट्याने त्याचा सांभाळ करायचा. आपण तुळशीला लेक मानून उसाच्या मांडवात तिचे लग्न लावतो, तेव्हा आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. अळवाच्या मोठ्या गड्ड्याला बाजूने जी पिल्ले फुटतात त्यांना त्यांच्या भाषेत ‘ओहा’ म्हणतात, आणि त्यावरून कुटुंबाला शब्द झाला ‘ओहाना’. पर्यटकांच्या जाहिरातींत ज्या मेजवानीला ‘लूआउ’ म्हणतात, तो शब्दही मुळात अळवाच्या कोवळ्या पानाचा. त्या पानात मांस किंवा मासळी गुंडाळून वाफवतात. आपण बेसन लावून गुंडाळतो. पान गुंडाळावे हे दोघांनाही सुचले.

आता आपल्या बेटाकडे वळू. येथे अळवाच्या पानांना ‘ब्रेद सोंज’ म्हणतात. हा ‘सोंज’ मादागास्करहून आलेला, मालागासी ‘साओंजो’चा. म्हणजे हे नाव इथे रुजवले ते गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांनी, आपल्या पूर्वजांच्या आधी. आणि मादागास्करला ते नेले कोणी? पूर्वेकडच्या बेटांवरून हिंदी महासागर ओलांडून आलेल्या दर्यावर्द्यांनी. मालागासी भाषा आणि हवाईची भाषा या दूरच्या बहिणी आहेत. एकाच कुळातल्या नावाड्यांनी एका हाताने हे रोप हवाईला नेले, दुसऱ्या हाताने मादागास्करला. तेव्हा ‘अळू आमच्या पूर्वजांनी आणले’ अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. कोकणातून ते बेटावर आले असतील तेव्हा अळू येथे त्यांची वाटच पाहत असणार. रत्नागिरीकडची बाई बोटीतून उतरली, छावणीत गेली, पाटाच्या कडेला तिने हे पान पाहिले आणि तिच्या तोंडून निघाले असेल, “अग्गोबाई, अळू!” सबंध नव्या मुलखात जे थोडे ओळखीचे दिसले, त्यांतले हे एक.

पण तिने उच्चारलेले नाव कुठे गेले? बाजारात फिरून पाहा. पानाला मालागासी नाव: सोंज. कंदाला आरुई, भोजपुरीतल्या अरुईशी तिचे नाते सांगायला पंडित नको. कढीपत्त्याला कारिपुले आणि शेवग्याला मुरुम, दोन्ही तमिळ. हळद फ्रेंच झाली, साफ्रां म्हणवून घेऊ लागली. इतक्या जणांनी आपापले एकेक नाव या बेटाच्या जिभेवर ठेवले, आणि मराठी माणसाचे नाव मात्र भाजीबाजारात आमच्या कानावर पडत नाही. ते फक्त घरात उरले. घरातूनही आता ते आजीबरोबर जाते आहे.

आमच्या आजीचे अळू न्हाणीच्या मागे होते. आंघोळीचे, भांड्यांचे पाणी तिकडे वाहायचे, त्यावर ते पोसायचे. पाण्याचा थेंब वाया नाही. कोणते पान वडीचे आणि कोणते भाजीचे हे ती लांबून ओळखी: काळसर देठाचे वडीला, हिरवे फदफद्याला. खाजरे असेल तर चिंचेशिवाय शिजवायचे नाही, चिरताना हाताला तेल लावायचे. पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आणि नीट शिजवणे व आंबट घालणे हा त्यावरचा उपाय, हे आम्हाला पुढे पुस्तकातून कळले. तिला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातल्याच अळू, भोपळा, माठ, सुरण यांची एकत्र भाजी. या सगळ्या ज्ञानाला भाषा होती, ती मराठी होती. पान खुडायचे, कंद उकरायचा, साल सोलायची, भाजी निवडायची, मग चिरायची, नारळ खवायचा. आज आमच्या वर्गातली मुले या सगळ्याला ‘कुपे’ म्हणून मोकळी होतात. क्रिओल ही आमचीही मायबोली आहे, तिच्यावर आमचा राग नाही. पण घरात दहा क्रियापदे होती, तिथे एक उरले, हे कोणी मोजतो का?

हवाईत हे मोजले गेले. तिथे १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषेचे माध्यम काढून इंग्रजी आणली गेली. दोनतीन पिढ्यांत भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. उसाच्या मळ्यांनी पाणी पळवले. अळवाची शेती तिकडे वाहत्या पाण्याच्या खाचरांत होते, त्यांना ‘लोइ’ म्हणतात. डोंगरातले ओढे कालव्यांनी उसाकडे वळवल्यावर ती खाचरे कोरडी पडली. आम्ही उसाच्या पोटी या बेटावर जन्माला आलो, म्हणून हे वाचताना आम्हाला अवघडल्यासारखे झाले. ज्या पिकाने आपल्याला इथे आणले, त्याच पिकाने तिकडे दुसऱ्या कोणाचा थोरला भाऊ तहानेने मारला. आणि तो ऊस त्यांच्याही होडीतूनच आलेला. दोष उसाचा नव्हे, हे उघड आहे.

मग १९७८ साली त्यांच्या राज्यघटनेत हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. १९८० साली होनोलुलूच्या विद्यापीठातल्या हवाईयन भाषेच्या विद्यार्थ्यांना मानोआच्या ओढ्याकाठी झाडीत बुजलेला एक जुना पाट सापडला. भाषेच्या विद्यार्थ्यांना, शेतकीच्या नव्हे! त्यांनी जाणत्या म्हाताऱ्यांना बोलावले, चिखलात उतरले, पाट मोकळा केला आणि अळू लावले. कानेवाईचे ते खाचर आज विद्यापीठाच्या शिक्षणाचा भाग आहे आणि शाळांची मुले तिथे चिखल तुडवायला येतात. १९८४ साली हवाईयन बोलणारी पहिली बालवाडी उघडली. कोणी म्हणेल, अळवाने भाषा वाचली काय? तसे आम्ही म्हणत नाही. पण व्याकरण शिकवणाऱ्यांना चिखलात उतरावेसे वाटले, आणि चिखलात उतरल्यावर म्हाताऱ्यांपाशी विचारायला प्रश्न सापडले, यात आम्हाला मोठा अर्थ दिसतो.

त्याच विद्यापीठाची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००२ साली त्याने आपण संकर करून काढलेल्या अळवाच्या तीन जातींवर पेटंट घेतले. शेतकरी आणि विद्यार्थी खवळले. थोरल्या भावाची मालकी कोणी कशी लिहून घेतो, असा त्यांचा सवाल होता. २००६ साली विद्यापीठाने ती पेटंटे सोडून दिली. माउई बेटावरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या अखेरीस बंद पडला, आणि २०१८ साली जल-आयोगाने पूर्व माउईतल्या ओढ्यांचे पाणी परत ओढ्यांत सोडण्याचा आदेश दिला. पाणी परत मिळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे बागा नाहीत असे नव्हे. पाम्प्लेमूसची बाग जगप्रसिद्ध आहे. दरवर्षी आपण मुलांना तिथे सहलीला नेतो, ती कमळाची परातीएवढी पाने पाहतात, पाट्यांवरची लॅटिन नावे पाहतात आणि डबा खाऊन परत येतात. ती बाग राज्यकर्त्यांनी वाढवली, मसाल्यांच्या व्यापारासाठी. तिचा अभिमान जरूर असावा. पण छावणीतल्या मजुराच्या परसाची बाग या बेटावर कुठे आहे? अप्रवासी घाटाच्या पायऱ्या २००६ साली जागतिक वारसा ठरल्या. त्या पायऱ्या चढून जी माणसे गेली त्यांनी संध्याकाळी काय लावले, काय शिजवले, ते पाहायला मुलाला कुठे न्यावे?

आमचे म्हणणे साधे आहे. ज्या ज्या मराठी मंडळाला स्वतःची इमारत आहे, तिच्या मागे थोडीतरी जागा आहे. बहुतेक ठिकाणी तिथे गवत, मोडक्या खुर्च्या आणि गेल्या गणपतीच्या मखराचे सांगाडे असतात. ती जागा साफ करून तिथे परस करावे. अळू, हळद, कोनफळ, केळ, शेवगा, कढीपत्ता, भोपळा, पडवळ, तुळस, दूर्वा. शोभेची बाग नव्हे, खायची बाग. शनिवारचा मराठीचा वर्ग अर्धा तास तिथे भरावा. मुलांनी लावावे, खुडावे, आणि मंडळातल्या आज्यांनी खुर्ची टाकून बसावे आणि चुका काढाव्यात. चुका काढण्याइतके अस्सल मराठी दुसऱ्या कुठल्या वेळी कानावर पडत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आक्षेप येतील ते आम्हाला पाठ आहेत. पहिला: सोंज तर ओढ्यात उगवते, ते मंडळात कशाला? आम्ही म्हणतो, ओढे आता राहिले किती, आणि त्यांत वाहते काय हेही पाहा. दुसरा: मुलांना यात रस नाही. तर मग लुडविग्सहाफेनच्या फरशीवर दहा वर्षांची मुलगी पेटीतल्या त्या चार पानांना रोज पाणी घालायला का धावत होती? तिसरा आक्षेप जरा गंभीर आहे: ही झाडे सर्वांची, मग त्यांना मराठी रंग कशाला द्यायचा? याचे उत्तर पाटीवर द्यावे. एकाच पाटीवर अळू, सोंज, आरुई, कालो अशी सगळी नावे लिहावीत. शेजारच्या तमिळ घराला आणि क्रिओल घराला विचारून त्यांचीही घालावीत. आमचा हट्ट एवढाच की त्या पाटीवर मराठी नाव गैरहजर नसावे. आणि ज्यांना नावागावाशी कर्तव्य नाही, त्यांनी मार्च २०२० आठवावा. टाळेबंदीत सुपरमार्केटेही काही दिवस बंद होती, तेव्हा ज्यांच्या मागल्या दारी चार ब्रेद होत्या ते घर आणि ज्यांच्या मागल्या दारी सिमेंट होते ते घर, यांतला फरक सगळ्यांनी पाहिला.

पाटीचा आग्रह आम्ही धरतो त्यामागे एक फजितीही आहे, ती सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही मुलांकडून कुंपणाकडेला अळू, हळद आणि चार कोनफळे लावून घेतली होती. वर्षअखेरची सुट्टी लागली. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा कुंपण स्वच्छ! गवत कापणाऱ्या माणसाने यंत्राने सगळे जमिनीलगत भुईसपाट केले होते. आम्ही चिडून त्याला गाठले. तो शांतपणे म्हणाला, “मिस्ये, ते गवत नाही असे कुठे लिहिले होते?” त्याचे काही चुकले नव्हते. ज्याला नाव नाही ते गवतच. पुढे अळू आणि हळद जमिनीखालून पुन्हा फुटली. कोनफळ मात्र गेले, आणि त्याचे बेणे आम्हाला अजून पुन्हा मिळालेले नाही.

लुडविग्सहाफेनहून परतल्यावर आम्ही वर्गात यादी करायला घेतली आहे. प्रत्येक मुलाने घरच्या थोरल्या माणसाला विचारून झाडाचे मराठी नाव, क्रिओल नाव आणि त्याचे घरात काय करतात ते लिहून आणायचे. आजवर तेवीस नावे जमली. त्यांपैकी सहा आम्हालाच ठाऊक नव्हती, आणि एका आजीने सांगितलेल्या एका पाल्याचे नाव तर आम्हाला कुठल्याच कोशात सापडले नाही. पुतणीला यादीची पहिली प्रत पाठवली. तिचे उत्तर आले: चित्रे कुठे आहेत?

चित्रे मुले काढत आहेत. पावसाळा तोंडावर आहे, आणि आमच्या मंडळाच्या मागच्या खुर्च्या हलवायचे ठरले आहे. अळू ओढ्यावरून येईल, हळद घरोघर आहे. ज्या वाचकांच्या परसात कोनफळ, म्हणजे जांभळ्या गराचे कांबार, अजून असेल, त्यांनी एक तुकडा राखून ठेवावा आणि या पानाकडे दोन ओळी लिहाव्यात. आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ. घरात त्याला दुसरे काही नाव असेल तर तेही कळवावे.